एकास शंभर आणि एक टिकली

नाही नाही नाही! पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही! बसा, पाणी घ्या, पण पंखा मागू नका... आणि हसा, खुशाल हसा! सगळे हसले, तुम्ही कशाला मागे राहता? पण मला एक सांगा, कागदाचं विमान करायचं म्हटलं की स्केल ठरवावा लागतो की नाही? लागतो! आणि हे मी आमच्या अख्ख्या कात्रप भागात कुणालाही सांगायला गेलो की एकच उत्तर, ‘अहो कैलासराव, कागदाचंच तर आहे!’

तुम्हाला सांगतो, ही हौस माझी नव्हेच. आमची चैत्राली, एकुलती एक पोरगी, नोकरीला गेली जर्मनीला. निघताना आईला म्हणाली, ‘आई, मी खिडकीतून बघेन हं तुझ्याकडे.’ झालं! तेव्हापासून आमची शालन गच्चीवर. बदलापूरवरून जे विमान जाईल त्याला हात करते! दिल्लीचं असो, मालवाहू असो, हिला काय? वॉचमन तोंडावर रुमाल धरून हसतो हो! शेवटी मीच म्हटलं, ‘अगं, नेटवर नमुने मिळतात, छापायचे, कापायचे, चिकटवायचे. तिचं विमान मी घरातच करतो, शोकेसमध्ये ठेव आणि हवा तेवढा हात कर.’ तर म्हणाली, ‘चालेल. पण तिची खिडकी दिसली पाहिजे.’

आता आला स्केल! स्केल म्हणजे काय, तर खरं विमान किती पट लहान करायचं. एकास तेहतीस म्हणजे तेहतीस पट लहान, एकास शंभर म्हणजे शंभर पट. आकडा मोठा, विमान छोटं. आहे का यात काही अवघड? शालन म्हणते, ‘शंभर नको बाई, केवढं मोठं होईल! तेहतीसचं करा, आटोपशीर.’ आटोपशीर! अहो, तेहतीसचं केलं तर ते दिवाणावर निजेल आणि मी सतरंजीवर! घसा फोडून समजावलं, तर म्हणते, ‘तुमचं सगळं उलटंच असतं.’

म्हटलं, जाणकाराला विचारावं. खालच्या मजल्यावर हरिचंद्रतात्या, अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर, जन्म मोजमापात गेलेला माणूस. ‘तात्या, स्केल कुठला चांगला?’ तात्यांचा चेहरा पडला. ‘कैलास, स्केलचं नाव काढू नकोस. माझ्या मागून लागलेली पोरं वरच्या स्केलला गेली, आणि मी आपला तिथंच...’ पगाराचा स्केल! चहा गार झाला, पुन्हा गरम झाला, पुन्हा गार झाला, तात्या थांबेनात! ‘तात्या, विमानाचा हो, विमानाचा!’ तर डोळे पुसत काय म्हणतात? ‘मग कुठलाही धर रे. कागदाचंच तर आहे!’

शेवटी मीच शोकेस मोजलं. खोली किती, तर दीड वीत. म्हणजे एकास दोनशे! केलं. चिमटा धरून, श्वास रोखून केलं! चाकं मसुरीच्या डाळीएवढी... एक शिंकेत गेलं, ते अजून सापडायचंय. शालननं चष्मा लावला, बघितलं, उठली आणि आरशावरची एक टिकली काढून आणली. चैत्रालीच्या त्या बारीक, मरून रंगाच्या टिकल्या, जाताना आरशाला चिकटवून गेलीय, हिनं कुणाला हात लावू दिलेला नाही. ती टिकली हिनं खिडकीवर ठेवली, तर दोन खिडक्या गुडुप! ‘यातली तिची कुठली?’ म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की... जाऊ द्या. म्हटलं, दुसरं करतो.

म्हणजे बघा! माणसं पुस्तकं वाचून स्केल ठरवतात, आणि आमच्याकडे ठरला कशावर? टिकलीवर! टिकली खिडकीत मावेल तो स्केल. एकास शंभर!

जाड कागदावर छापून देणारा उल्हासनगरचा मुकेश. त्याला बजावून सांगितलं, ‘मुकेशभाई, एक का सौ चाहिए. बरोबर एक का सौ! निन्यानवे नहीं, एकसौएक नहीं!’ ‘फिकर मत करो साईं.’ कोपऱ्यावर चहा घेऊन येतो, तर काउंटरवर हा गठ्ठा! एका पानाच्या शंभर कॉप्या! शंभर डावे पंख! मी ओरडलो, तर तोच माझ्यावर चढला, ‘आपने ही बोला एक का सौ! गिन लो, एक भी कम निकले तो बोलना!’ बरं, साइज तरी? तीही चूक! पानात बसवायला मशीननं पंख थोडा आखडून घेतलेला! ‘साईं, उन्नीस-बीस तो चलता है, कागज का ही तो है!’ घ्या! हिंदीतून पण तेच!

भांडून पुन्हा छापलं. विमान झालं, आणि काय देखणं झालं म्हणता! टिकली खिडकीत चपखल. पण शोकेसमध्ये जाईना! शालन म्हणते, ‘पंख जरा दुमडता नाही यायचे?’ छत्री आहे का ती? शेवटी टांगलं त्या पाळण्याच्या कडीला. चैत्रालीचा पाळणा तिथंच होता. शालन खाली उभी राहून नुसती वर बघत होती. म्हटलं, जिंकलो!

रविवारी व्हिडिओ कॉल. ‘बाबा, काय भारी! पण ती टिकली कसली?’ ‘ती तू!’ ‘मी? खिडकीत? अहो, मला मधली सीट होती! आई रडत होती म्हणून तसं म्हटलं...’

मधली सीट! सांगा मला, मधली सीट कुठल्या स्केलला दिसते? मी घाबरून शालनकडे बघतो, तर ही शांत. ‘आत होती ना? मग झालं.’

आणि आता हा मे महिना. बदलापूरचा मे! पण त्या कडीशेजारीच पंखा. लावला की विमान गरगरतं, म्हणून पंखा बंद. परवा दुपारी माझा जीव अगदी उकडून निघाला हो, म्हटलं, ‘अगं, एकवर तरी लाव! हललं तर हललं, कागदाचंच तर आहे!’

...बोलून गेलो! मी! शालन गरकन वळली. ‘कागदाचं? आत पोर बसलीय माझी!’

तेव्हा पंखा मागू नका. उकडतंय ना? घ्या, हा एकेक डावा पंख घ्या आणि घाला वारा. लाजू नका हो, भरपूर आहेत.