वाघाखालचा वाघ

माझं माहेर मूल तालुक्यातलं, धानाचं गाव, शाळा चौथीपर्यंत, अन् रंग म्हणाल तर पोळ्याले बैलाच्या शिंगांना लावत तेवढाच मले माहीत. लग्न होऊन चंद्रपूरले आले तं घरात जिकडेतिकडे रंगाचे डबे. नवरा पाट्या रंगवायचा, अख्खी गल्ली त्यांना पेंटरभाऊ म्हणे, मीही पेंटरच म्हणते, नाव कसं घेऊ.

काय सांगू तुम्हाला, मी लाजरी, भाजीवालीशी भाव करता येत नाई, पण ब्रश धुता धुता शिकले. पेंटर म्हणत, पाण्याच्या रंगावर तेलाचा बसते, तेलावर पाण्याचा टिकत नाई. अन् तेलावर तेलाचाच द्यायचा असंन तं खालचा आधी पालिश पेपरनं घास, चमक मेली पाह्यजे, चमकत्या रंगावर काईच धरत नाई.

मग त्यांचे हात कापाले लागले. अक्षरं मी भरू लागले, रेघा मी ओढू लागले, वाघ मात्र त्यांचाच. मोहर्लीच्या, वाघाच्या जंगलाच्या गेटापाशच्या एका हॉटेलवाल्यानं मोठ्या पत्र्यावर वाघ सांगितला. पेंटरनं जिद्दीनं काढला, अन् हॉटेलवाला येऊन हसला, म्हणे, पेंटरभाऊ, याले दूध पाजता का हो? पेंटरही हसले. तो गेल्यावर मले म्हणाले, घास याले, अन् तू काढ.

मी म्हटलं, तुमचा वाघ मी कशी घासू. म्हणे, काऊन, चावते का?

ते बहिणीकडे बल्लारपूरले गेले. मी पालिश पेपर हातात घेतला, वाघाच्या तोंडापाशी नेला, अन् खाली ठेवला. मग काय केलं, पाण्याचे रंग घेतले, त्यात साबणाचा फेस मिसळला, फेसानं ते तेलावर तेवढ्यापुरते चिकटतात, अन् त्यांच्या वाघावर माझा वाघ काढला. वाटलं, कधी ओल्या फडक्यानं पुसला तं त्यांचा खाली जसाच्या तसा राहीन.

पेंटर आले, लांबून पाहून खूश झाले, म्हणे वा. मग जवळ गेले, अंगठा थुंकीनं ओला केला अन् वाघाच्या कानावर फिरवला. खालून त्यांचा कान निघाला. माझ्याकडे पाह्यलं. म्हणे, गिऱ्हाइकाचा वाघ पह्यल्या पावसात वाहून जाईन, त्याले काय सांगशीन, नवऱ्याची माया होती म्हणून?

त्यांनी स्वतःच फडकं ओलं करून माझा वाघ पुसला. मग पालिश पेपर घेतला अन् आपला घासाले बसले. रेघ ओढताना थरथरणारा तो हात, घासाले कसा बरोबर चालत होता बाई, ते मले पाहवलं नाई. वाघाचे डोळे शेवटी घासले. म्हणे, आता काढ, तेलात.

काढला. खाली नाव त्यांचंच टाकलं, ते नको म्हणत होते.

आता ते खाटेवर असतात. मी पाट्यांच्या कामाले मोहर्लीले जाते तं तो वाघ दिसतेच, लोक त्याच्यापाशी फोटो काढून राह्यले असतात. किती पावसाळे गेले, एक पोपडा निघाला नाई. खरं सांगू, एखादा निघाला असता, खालून त्यांचा जरासा दिसला असता, तं मले बरं वाटलं असतं. घरी आले की पेंटर विचारतात, कसा हाय? मी सांगते, पक्का हाय. मग ते कापता हात माझ्या डोक्यावर ठेवतात, म्हणतात, घासला बराबर होता ना मी.