मावशी, डॉक्टर आणि शेवटची तीस पानं

...नाही, मी काय म्हणतो, दाढ दुखायचीच होती तर शंभराव्या पानाला दुखायची, दोनशेव्याला दुखायची! शेवटची तीस पानं उरलेली असताना कुणाची दाढ दुखते का हो? पण आमच्या मावशीची दुखली. वाचणाऱ्या माणसाला सुख नाही, तुम्हाला सांगतो!

मावशी म्हणजे कपडे दुरुस्तीवाली मावशी. पॅन्ट आखूड करायची, चेन बदलायची, आणि मशीनशेजारी कायम एक कादंबरी उघडी, वर कात्रीचं वजन. यंदा तिनं संकल्प केला... वर्षभरात चाळीस कादंबऱ्या, त्याही नव्याकोऱ्या, एकही पान न गाळता, आणि शेवट आधी बघायचा नाही म्हणजे नाही! काका टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "शेवटचं पान वाचून टाक ना, मोकळी होशील." काकांशी ती दोन दिवस बोलली नाही. काकांना तिसऱ्या दिवशी कळलं.

आणि हल्लीच्या कादंबऱ्या! मावशीचं मत ऐकाल तर... "मेलं कुणाला काही काम म्हणून नसतं! वीस वर्षांनी एक जण घरी परत येतो, दारात उभा राहतो, आणि अठरा पानं नुसता उभाच! आत ये की रे! कोण बोलतंय ते कळू नये म्हणून अवतरणचिन्हं काढून टाकलेली. एका पुस्तकात तर गोष्ट कोण सांगतंय? जिना! म्हटलं बाबा, तू जिना आहेस, चढू दे मला!" तरी वाचायची. शिव्या घालत वाचायची, पण वाचायची. वाचणाऱ्या माणसाला सुख नाही!

आणि मग आली ती जाडजूड कादंबरी. दीपगृहाचा रखवालदार एके दिवशी नाहीसा होतो, आणि त्याची बायको रोज संध्याकाळी त्याच्या जागी दिवा लावते. बस्स. मावशीनं शिवी नाही घातली हो! गिऱ्हाईक समोर उभं, "माझी पॅन्ट?" तर ही डोळे पुसत म्हणते, "थांबा, वादळ आलंय." बाहेर लख्ख ऊन.

तर तीस पानं राहिली आणि दाढ ठणकली. गाल असा फुगला की चष्मा तिरका बसायला लागला. गेली डॉक्टरांकडे. आणि चूक काय केली? पुस्तक बरोबर नेलं! खुर्चीत बसली, पुस्तक मांडीवर. इंजेक्शन झालं, जीभ बधिर, तोंडात कापूस, एक नळी, वर डॉक्टरांची दोन बोटं... आणि डॉक्टरांचं लक्ष मांडीवर गेलं.

"अरे वा! मावशी, तुम्ही पण? अहो, मीही हेच वाचतोय!"

"आँ," मावशी म्हणाली. म्हणजे, नका बोलू.

"मस्त आहे ना? मला तर कळलंच, तो रखवालदार कुठे गेला ते."

"आँ! आँ!"

"दुखतंय? होतंच हं आता. तर तो बुडालेला नसतोच मुळी. तो असतो..."

मावशीनं हात हलवले, तर सिस्टरनं ते प्रेमानं धरून ठेवले! "घाबरू नका हं मावशी." आता सांगा, हात धरलेले, जीभ मेलेली, माणसानं करायचं काय? एकच गोष्ट हातात... म्हणजे तोंडात. मावशी कडकडून चावली!

डॉक्टर असे ओरडले की बाहेर बसलेले दोन पेशंट बरे होऊन घरी गेले.

"मावशी! लहान मुलं चावतात मला! तुम्ही?"

"फेवट फांगू नका!" मावशी ओरडली.

"काय?"

"फेवट! फेवट!"

सिस्टरला कळलं. "शेवट सांगू नका म्हणतायत."

डॉक्टर बोट धरून खाली बसले. "अहो, कसला शेवट? मी अजून दोनशेव्या पानावर आहे! आपला अंदाज सांगत होतो!"

मावशीचा चेहरा बघायला हवा होता. पण डॉक्टर माणूस भला. बोटाला पट्टी बांधली आणि दाढ मुकाट्यानं काढली.

घरी येऊन मावशीनं ती तीस पानं वाचली. डॉक्टरांचा अंदाज साफ चुकला होता! आणि शेवट असा, असा की मावशी पुस्तक मिटून नुसती बसून राहिली. मग कुणाला तरी सांगावंसं वाटायला लागलं. काका म्हणाले, "मेला का तो? नाही? बरं, वाढ." नवी कादंबरी उघडली, दुसऱ्या पानावर मिटली. चाळीसचा संकल्प तिथंच बसला.

जगात ही कादंबरी हातात धरलेला दुसरा माणूस कोण? डॉक्टर! आठवड्यानं जखम दाखवायला मावशी धावत गेली. "डॉक्टर, तुम्ही म्हणालात ना, तसं नाहीच हो ते, तो तर..."

डॉक्टरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. पट्टीचं सुद्धा. "मावशी! शेवट सांगू नका! पेशंटमधून दिवसाला दोन पानं होतात माझी!"

आता तोंडात कापूस नाही, नळी नाही, जीभ ठणठणीत... आणि बोलायची चोरी! वाचणाऱ्या माणसाला सुख नाही, तुम्हाला सांगतो. हल्ली मावशी दर थोड्या दिवसांनी जाऊन त्या खुर्चीत बसते.

"बोला मावशी, कुठं दुखतंय?"

"तुम्ही कुठवर आलात?"

"तीनशे दहा."

"मग तिथंच दुखतंय."