सातव्या नळीचा जोड

या, असे जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. कारखान्याच्या कँटीनमध्ये चहावाल्या मावशींनी ती ऐकली. रांगेत पुढे इंजिनिअर ताई, मागे म्हातारे वेल्डरकाका.

“काका, चाचणीत आपण पास झालो!” ताई मागे वळून म्हणाल्या. “ एक नळी मुद्दाम फोडली, तरी उरलेल्या अकरांनी यानाच्या अणुभट्टीची सगळी उष्णता बाहेर टाकली. आता अंतराळात जायला हरकत नाही.”

“अंतराळात तर गारठाच असतो ना गं?” मावशी म्हणाल्या.

“पण वारा नाही, मावशी. फुंकर घालणार कोण? नळीतल्या धातूची वाफ होते, तीच उष्णता टोकाला नेऊन सोडते आणि निवून परत येते.”

“कुठली फोडलीत?” काकांनी विचारलं.

“तिसरी.”

“सातवी फोडायची होती. तिचा जोड देताना माझा हात हलला होता.”

“तपासणीत तर काही दिसलं नाही!”

“यंत्राला नसेल दिसलं. हाताला कळलं.”

“आणि महिनाभर गप्प बसलात?”

“चाळीस वर्षांचं नाव गं, जीभ रेटेना. पण वर दुरुस्तीला कोण जाणार?”

“परवा सगळं पेटीत भरून उड्डाणासाठी पाठवायचंय, काका!”

“मग सातवीच्या जागी नवी नळी दुसऱ्या कुणाकडून जोडून घे.”

“छे! हात हलला हे ज्याला कळतं, त्याच्याकडूनच घेणार. चहा प्या आणि चला.”

मावशींनी काकांचा पेला काठोकाठ भरला.

बाबांनो, आकाशात कधी सरकती चांदणी दिसली, तर देवाला हात जोडताना त्या काकांचीही आठवण ठेवा.