कागदातली मुळी

देवीदास : पेटी कोनं उघडली? मले आधी तेवढं सांग.

वच्छला : हळू बोला. लेकरू आत्ता कुठं झोपलं.

देवीदास : दोरी कापेल हाये पेटीची. साहेबानं स्वतःच्या हातानं गाठ मारली होती. पुरं साल मी डोंगरानं फिरलो, एकेक झाड मुळासकट उपटून कागदात दाबलं, अन् तू इळा घेऊन दोरी कापली? साहेब अमरावतीहून आले का काय सांगू त्याईले? उंदरानं कापली म्हणू?

वच्छला : माह्यं नाव सांगा.

देवीदास : नाव सांगून काय होते वं? साहेबाच्या ह्या बंगल्यामागची खोली जाईन, नोकरी जाईन. येड लागलं का तुले?

गोदाबाई : तिच्यावर काहून वरडतं रे? मायवर वरड. म्याच सांगतलं तिले, काप म्हणून. तू नरनाळ्याच्या डोंगरात लोकाच्या मुलकासाठी पानं गोळा करून राहिला, अन् इकडे तुह्या लेकराची हगवण थांबता थांबेना. काल रगत पडलं. डोळे खोल गेले, टाळू बसली. पाह्य जरा त्याच्याकडे, मंग पेटीचं बोल.

देवीदास : ... इतका वाळला? मी गेलो तवा तं बरा होता, माय.

गोदाबाई : लेकराले वाळाले काय लागते? डाळिंबाची साल दिली, जायफळ दिलं, कशानं फरक नाई. मंग म्हटलं, पहाडवेलीची मुळी पाह्यजे. तू लहान होता तवा तुले त्याच मुळीनं उठवलं होतं. आपल्या तेल्हाऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाबांधानं पायलीच्या पंधरा वेली होत्या तवा.

देवीदास : आता कुठी भेटते ती?

वच्छला : तेच तं. मी सकाळी उठून गेली पाहाले. नाल्याच्या कडंकडंनं गेली, गावठाणामागं गेली. धुरेच नाई राहिले हो. पऱ्हाटीले सोन्याचा भाव आला तं लोकाईनं धुऱ्यावरून वखर फिरवला, पडीक होतं तेही वाहून टाकलं. पाहावं तिकडे पांढरा कापूस. एका वावरात बाया येचत होत्या, त्याईले पुसलं. त्या हासल्या मले. म्हणे, वेली शोधत काय फिरतं बाई, ये कापूस येच, सांजेले वटीभर घेऊन जाय. मी तशीच वापस आली. येता येता आठवलं, पोळ्याच्या मांगं तुमीच एक वेल आणली होती. कुंपणातून काढली, मले दाखवली अन् म्हणाले, ह्या भागातली हे शेवटची दिसते.

देवीदास : अन् म्या ते साहेबाले दिली.

वच्छला : दिली. पण पेटीत तं होती ना. कागद उलगडला तं जशीच्या तशी, पानं, फुलं, खाली मुळी. मले वाटलं, देवच पावला.

देवीदास : कोनत्या गठ्ठ्यातून काढली? वरच्या का खालच्या?

वच्छला : मले काय ठाऊक? दिसली तिथून काढली.

देवीदास : आठव, वच्छला. त्या मुळीवर काही होतं का? पांढरं पांढरं?

वच्छला : होतं जरासं. मिठाची कणी चिकटते तसं. म्या फडक्यानं पुसून घेतलं. कागदाचं असंन म्हटलं. काहून?

देवीदास : अरे देवा.

गोदाबाई : काय झालं रे?

देवीदास : माय, ते रसकापूर हाये.

गोदाबाई : रसकापूर तं इख असते.

देवीदास : इखच हाये. ह्या पेट्या अमेरिकेत जाच्या होत्या. साहेबाचा दोस्त हाये तिथं, तो तिकडची झाडं धाडते, हे इकडची धाडते. पण तिकडे लढाई सुरू झाली, जिच्यापाई इकडे कापूस महागला, अन् पेट्या अडकल्या. साहेब म्हणे, लढाई सरेपर्यंत कसर लागंन, किडे खाऊन टाकतीन सारं. म्हणून रसकापूर दारूत कालवला अन् मले कुंचला देला. खालचा पुरा गठ्ठा म्या ह्या हातानं रंगवला. मुळीले तं दोन दोन येळा, मुळी लवकर किडते म्हणून.

वच्छला : तुमी मले काहून नाई सांगतलं?

देवीदास : तू पेटीले हात लावशीन हे सपनात तरी आलं होतं का माह्या? ते जाऊ दे. लेकराले किती चाटवली? खरं सांग. बोटभर? चमचाभर?

वच्छला : त्याले नाई दिली.

देवीदास : नाई दिली?

वच्छला : एक थेंबही नाई.

देवीदास : शप्पथ घे.

वच्छला : त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. त्याच्या तोंडात काहीच नाई गेलं.

देवीदास : वाचलं बाप्पा. वाचलं माह्यं लेकरू. आण ते मुळी, उकिरड्यात पुरून टाकतो. अन् सहाण फोडून टाक, तिच्यावर पुन्हा काही उगाळू नोको.

गोदाबाई : देवीदास.

देवीदास : साहेबाले मी समजावतो, तू फिकर नोको करू. पाय धरीन त्याईचे. मुळी कुठी ठेवली?

गोदाबाई : देवीदास, आयक. आंगावरच्या लेकराले का कोनी मुळी चाटवते? त्याच्या आतड्याले सोसते का ते? लेकराचं औषध मायनं घ्यावं लागते. मायच्या दुधातून उतरते मंग. तुह्या वक्ती म्याही तसंच केलं होतं.

देवीदास : काय म्हणतं तू?

वच्छला : मी खाल्ली. सारी. म्हटलं, उरवून काय कराचं, जितकी जास्त तितका लवकर गुण येईन.

देवीदास : कधी?

वच्छला : तुमी याच्या जरा आधी.

देवीदास : अन् पाजलं त्याले?

वच्छला : नाई. आत्याबाई म्हणे, घडीभर थांब, दुधात उतरू दे. तो झोपला होता, म्या उठवलं नाई.

देवीदास : तुले कसं वाटते? तोंड कसं लागते?

वच्छला : तांब्याचं भांडं चाटल्यावानी. मघापासून थुकून राहिली, जातच नाई. पोटात पिळा पडते, ते सकाळपासून जेवली नाई म्हणून असंन, नाई का? ... असे काहून पाह्यता माह्याकडे?

देवीदास : अंडे. अंड्याचं पांढरं पाजावं लागते, साहेबानं सांगून ठेवलं होतं, चुकून कोनाच्या तोंडात गेलं तं लगोलग अंडे पाजा. खानसाम्याच्या खुराड्यात असतीन. माय, हिले बसू नोको देऊ, बोटं घालून ओकाले लाव. मी आलोच.

(देवीदास अंडी घेऊन पळत येतो. वच्छला खोलीबाहेर जमिनीवर बसली आहे. ती दोनदा ओकली आहे. गोदाबाईच्या मांडीवर मूल.)

देवीदास : घे. डोळे मिटून पेऊन टाक. अजून एक. काय पडलं, माय?

गोदाबाई : पाणी पडलं अन् जरासं रगत. हे म्या काय करून बसली रे? म्या माह्या हातानं तिले सहाण धुऊन देली.

वच्छला : तुमाले काय ठाऊक होतं, आत्याबाई? तुमी चांगलंच सांगतलं. हे त्याच औषधानं वाढले ना? रडू नोका.

गोदाबाई : रडू नोको तं काय करू?

वच्छला : गंगूबाईकडे जा. तिचं लेकरू दोन महिन्याचं हाये, दूध फुटून वाह्यते तिले. ह्याले पाजंन ती.

गोदाबाई : ती येचणीले गेली. सारं गाव वावरात हाये, घरोघर कुलूपं.

वच्छला : मंग वावरात जा. इचारत जा, कोनाच्या वावरात हाये ते.

गोदाबाई : अन् हगवणीचं लेकरू आंगाले लावत नाई म्हणली तं?

वच्छला : तिचे पाय धरा. माह्यं नाव घ्या. म्हणा, वच्छलीनं पदर पसरला तुह्यासमोर.

गोदाबाई : जातो. देवीदास, लेकराले घे. अन् हिले एकटी नोको सोडू.

देवीदास : तू पडून राह्य जराशी.

वच्छला : ते इख दुधात उतरते का हो?

देवीदास : मले नाई मालूम.

वच्छला : साहेबाले मालूम असंन?

देवीदास : त्याले झाडं मालूम हायेत, वच्छला. हे कोनाले मालूम असंन?

वच्छला : मंग नोकोच. उतरत नसंन तरी नोको. ... जागं झालं पाह्य ते. आण इकडे, आण, भुकेलं हाये माह्यं.

देवीदास : वच्छला.

वच्छला : हो. हो, इसरली मी. हात आपोआप गेले.

देवीदास : पदर ओला झाला तुहा.

वच्छला : ते रडलं का दूध येते, त्याले काय करू? एक काम करा. तुमचं धोतराचं फडकं घ्या अन् माह्या छातीवरून बांधा. घट्ट. अजून घट्ट. मले सोडता आलं नाई पाह्यजे.

देवीदास : दुखंन तुले.

वच्छला : दुखू द्या. अन् त्याले घेऊन बाहेर जा. माह्या डोळ्यासमोर ठेवू नोका, माह्यानं राहवणार नाई.

देवीदास : आंब्याखाली घेऊन बसतो त्याले.

वच्छला : तितक्या दूर नोका नेऊ. दाराच्या तोंडाशी बसा. रडलं तं मले आयकू आलं पाह्यजे. रडते तोवर हाये, एवढं तं समजंन.