माफीचा अर्ज

(इटियाडोहच्या कालव्याखालचं एक गाव. तलावाच्या पाळीवर खेमराज आणि त्याचा मुलगा हिमांशु.)

हिमांशु : हो म्हणून टाकलं तुमी? मले न विचारता?

खेमराज : सुभेदार दोनदा घरी आले बाबू. फौजेतून रिटायर झालेला माणूस आपल्या दारी कायले येईल? तुह्या भल्यासाठीच ना. म्हणे, पोरानं माफीचा अर्ज दिला तं बडतर्फी रद्द होते, नोकरी परत भेटते. मी त्यायच्या हातचं पान खाल्लं.

हिमांशु : पान खाल्लं.

खेमराज : म्हणजे शब्द दिला. आपल्यात बापाचं हो तेच पोराचं हो.

हिमांशु : फौजेत तसं नसते बाबा. अर्जावर सही माही लागते. अन् मी ते करत नाई.

खेमराज : काऊन? डोस्कं फिरलं का तुहं? वर्दी परत भेटून राहिली.

हिमांशु : भेटंल, पण डिझेलचोर म्हणून. मी चोरलं नाई, तं माफी कायची मागू? अन् ऐका. सजा दोन होत्या, दोन महिने कैद अन् बडतर्फी. कैद भोगून झाली. माफीनं बडतर्फी गेली का मांगं ती कैदच उरते.

खेमराज : मंग चांगलंच आहे ना.

हिमांशु : मंग मुंबईचं ट्रिब्युनल, म्हणजे फौजेचं वरचं कोर्ट, माही केस ऐकतच नाई. युनिटातच चाललेल्या असल्या खटल्याची तक्रार तवाच घेते, जवा नोकरी गेली असते, नाईतं तीन महिन्यांच्या वर कैद असते. सजा कमी झाली का दरवाजा बंद.

खेमराज : म्हणजे सजा मोठी आहे म्हणून तुहं ऐकून राहिले?

हिमांशु : हो.

खेमराज : अजब कारभार आहे बुवा. पण न्याय तं तिकडं युनिटातच झाला ना एकदा?

हिमांशु : ज्या साहेबाच्या ताब्यातलं डिझेल गेलं, तेच साहेब न्यायाले बसले. तुमी तलावाच्या पाण्याचे पंच आहा. आपल्याच धानाच्या बांधीचं भांडण आलं तं बसता का?

खेमराज : छा. पाळीवरून उतरतो. दुसऱ्या गावचा माणूस बोलावतो. माह्या बापानंबी तेच केलं.

हिमांशु : मले तेवढंच पाहिजे. बाहेरच्या कोनीतरी माहं ऐकावं.

खेमराज : अन् ऐकून त्यायनंबी चोरच म्हटलं तं? ना नोकरी, ना पेन्शन. जिंदगीभर गोंदियाच्या राईस मिलात पोते उचलशील.

हिमांशु : उचलीन. पुष्पांजलीले विचारलं मी. ती म्हणे, चोर म्हणवून आणलेला पगार मले नको.

खेमराज : सून असं बोलली?

हिमांशु : चुलीपुढं बसल्या बसल्या. वर पाहलंबी नाई तिनं.

खेमराज : लई मोठ्या काळजाची बाई आहे. अन् तूबी काही कमी नाईस. मी तं पगाराचं नाव ऐकून पाघळून गेलो. छाती भरून आली बाबू माही आज, खरं सांगतो.

हिमांशु : बाबा, चला घरी.

खेमराज : तू हो पुढं. मी सुभेदाराच्या घरी जाऊन राहिलो. दिलेला शब्द आजवर कधी मांगं घेतला नाई, आता घेतो.

हिमांशु : मी येतो संग.

खेमराज : नको. माहं मलेच निस्तरू दे.

हिमांशु : काय सांगसाल त्यायले?

खेमराज : सांगतो, माफी बापानं मागितली होती. पोरानं नाई.