बी नसलेले थेंब

मुलांनो, कल्पना करा, तेर गावच्या थांब्यावर तुम्ही छोटी शिवकन्या आणि तिच्या आईसोबत बसच्या रांगेत आहात. पुढं साखर कारखान्यात पाक शिजवणारे बब्रुवान आणि प्लॅस्टिकवर संशोधन करणारी त्यांची लेक निकिता बोलतायत.

“प्रयोग फसला म्हणत व्हते ना तुझे सर?”

“व्हय बाबा. पाइपच्या प्लॅस्टिकात नायलॉन वितळवलं, दोघांना जोडणारा पदार्थ घातला. नायलॉनचे थेंब लई बारीक झाले, पण गार केल्यावर नेहमीसारखे गोठेचनात!”

“आमच्या पाकात तरी साखरेचं बारीक बी टाकल्याबिगर दाणा कुठं धरतो?”

“तेच सांगितलं सरांना! थेंब झाले लाखो, बी म्हणून धरायला नायलॉनातल्या कचऱ्याचे कण मोजकेच. बिनबियाचे थेंब लई गार झाल्यावरच गोठले. तीनदा करून दाखवलं!”

“मग?”

“सर म्हणाले, ‘निकिता, चुकलो मीच!’”

“आगं, मग पेढे कुठंयत?”

बस आली. शिवकन्या आईचा हात सोडून आत पळाली, निकिताशेजारची जागा धरली आणि म्हणाली, “ताई, पहिल्यापासून सांगा.”