भाऊ झाला अन् भरपाई बुडाली

मी कुणाला ऐकत न्हाई म्हणतात ना? मला एका माणसानं नुसतं ताई म्हणून गुंडाळलं, ते ऐका.

आष्टीच्या रस्त्यावर एका जीपवाल्यानं माझ्या दुधाच्या टेम्पोला ठोकलं. माझा ड्रायव्हर सलीम, त्याचा हात मोडला. मी पोचले अन् जीपवाल्याची गचांडीच धरली. “विम्याचा कागद दाखव!”

“विमा संपलाय, ताई. पोलिसात नका जाऊ, जीप जाईल. तुमी माझ्या बहिणीसारख्या. सगळा खर्च मी देतो.” अन् भर रस्त्यात पाया पडला.

मला सख्खा भाऊ न्हाई. विरघळले. टेम्पो तसाच ओढून नेला. मग माझ्या विम्याचा माणूस म्हणाला, “पंचनामा न्हाई, तर पैसे न्हाईत.”

सलीमचं ऑपरेशन अडलं होतं. तावातावानं भावाचं घर गाठलं. दारातच त्याची बायको म्हणाली, “अगंबाई, वन्सं आल्या!” तिनं पाय धुवायला पाणी दिलं, पुरणपोळी वाढली अन् खणानारळानं ओटी भरली. भाऊ म्हणाला, “जरा थांबा, ताई. सध्या हात रिकामा हाय.”

भरल्या ओटीनं भांडायचं कसं? आले परत.

दवाखान्यात सलीमनं विचारलं, “अक्का, काय दिलं त्यानं?”

मी खण दाखवला.

तो म्हणाला, “मग त्याचीच झोळी करा. हात तरी अडकवतो.”

आमी दोघंबी हसलो. पण उसनवारी करून ऑपरेशन होईस्तोवर उशीर झाला, हात वाकडाच जुळला. आता त्याला स्टेअरिंग धरता येत न्हाई. अन् तो खण शिवायला टाकायची मला हिंमत होत न्हाई.